कोळशाच्या खोलीला खिडकी

मसाक्याला नन्सच्या शाळेत मी एकतीस वर्षं मुलींना गृहशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर शाळेमागची एक खोली मला मिळाली, एकटीनेच राहायचं या अटीवर. ही पत्रं १९९६ सालची आहेत. दोरोथेआने माझी जपली होती, मी तिची. आता तारखेप्रमाणे एकत्र लावली आहेत.

दोरोथेआ माझ्या भावाची मुलगी, लॉरेन्सशी लग्न करून कंपालाजवळ किऱ्याला राहणारी. आम्हा बागांडा लोकांमध्ये मुलीला संसार शिकवायचा तो आत्याने. भाऊ गेला, मग साथीच्या त्या वाईट वर्षांत दोरोथेआचे दोन्ही भाऊ गेले, आणि वेनेरांडा वहिनी आठ मैलांवरच्या केळीच्या बागेत एकटी उरली. त्या जानेवारीत माझ्या लक्षात आलं की तिला दिसेनासं होतंय. ती कबूल करीना. शेवटी केलं, पण माझ्या हातात जपमाळ देऊन शपथ घ्यायला लावली.

"डोळ्यांचं दोरोथेआला कळवायचं नाही, वन्सं. कळलं की ती न्यायला येईल. जावयाच्या छपराखाली जागा मागणारी सासू मी होणार नाही."

आमच्यात सासू आणि जावई एका छपराखाली बसत नाहीत. वाटेत गाठ पडली तर ती तोंड फिरवते, तो गवतात उतरतो. हे मोडलं तर हातपाय थरथरायचा रोग लागतो म्हणतात. शाळेत मदर क्लोटिल्ड याला अडाणीपणा म्हणत. आम्ही माना डोलवायचो आणि घरी जाऊन आयांसारखंच वागायचो.

तर मी शपथ घेतली. पण स्वयंपाकघराबद्दल लिहू नका, असं काही वहिनी म्हणाली नव्हती.

किरा, ४ फेब्रुवारी १९९६

प्रिय आत्या,

रीतीप्रमाणे इथूनच गुडघे टेकून नमस्कार करते. नव्या घराच्या भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आहेत. लॉरेन्स रोज संध्याकाळी कंपालाहून येताना वाकड्या वाटेने येतो आणि विटा मोजतो. आता स्वयंपाकघराची वेळ आली आहे, म्हणून तुम्हाला विचारते.

लॉरेन्सच्या मनात डेन्मार्कमधलं घर आहे. तिथे तो सहा वर्षं राहिला, आणि म्हणतो की तिथे स्वयंपाकघराला भिंतच नसते. पुढच्या दारातून आत आलं की बैठक, पलीकडे ओटा, सगळं एकच. बाई भाजी चिरता चिरता पाहुण्यांशी बोलते. मला हे आवडलं आहे. लहानपणापासून मी धुरात बसून बाहेरचं हसणं ऐकत आले.

ओटा किती उंच असावा? कपाटं भिंतीतच करावीत का? गवंडी म्हणतो मोरीला उतार लागत नाही, पाणी आपोआप जातं. खरं का? आईला विचारलं तर ती म्हणते, तुझ्या आत्याला विचार, तिला पगार मिळायचा याचा.

तुमची दोरोथेआ

मसाका, १२ फेब्रुवारी

प्रिय दोरोथेआ,

पाणी आपोआप कुठेही जात नाही. त्या गवंड्यासमोर बादलीभर पाणी ओत आणि ते मोरीत गेल्याशिवाय त्याला घरी सोडू नकोस. ओट्यासमोर सरळ उभी राहा, कोपर वाकव, कोपराच्या खाली चार बोटं सोड, तितका उंच. तुझ्या मापाने, लॉरेन्सच्या नव्हे. तो सहा फूट आहे आणि त्याने कांदा चिरलेला मी पाहिलेला नाही. लाकडी कपाट भिंतीला चिकटवू नकोस, वाळवीला जिना होतो. पायांखाली डबे ठेव आणि त्यांत राख भर.

आता मुख्य गोष्ट. डेन्मार्कमध्ये मटोके वाफवत नाहीत. तुझी केळी पानांत बांधून तीन तास कोळशावर राहणार. ती वाफ आणि तो धूर बैठकीत बसलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर जाणार. भिंत घाल. भिंतीला दार घाल. आणि घरामागे वेगळ्या छपराखाली दुसरं स्वयंपाकघर बांध. दोन समोरासमोरच्या भिंतींत, छताच्या लगेच खाली झरोके ठेव.

त्या स्वयंपाकघराला लागून कोळशाची खोली हवी. बारा फूट बाय दहा. भिंतींना गिलावा, तळ गुळगुळीत, दाराला उंबरा नको. उगवतीकडे एक खिडकी. तिथून संडासापर्यंत भिंतीला धरायला दांडी बसव. कोळसा कोरडा राहायला हे सगळं लागतं.

तुझी आई बरी आहे.

आत्या

किरा, ३ मार्च

प्रिय आत्या,

बादलीचा प्रयोग केला. पाणी बैठकीत आलं. गवंडी म्हणाला, घर नवीन आहे, शिकेल. आता सगळं उकरून पुन्हा केलंय.

तुमचं पत्र लॉरेन्सला वाचून दाखवलं आणि ते चुकलंच. आधी तो ओट्याच्या मापावर हसला, मग कोळशाच्या खोलीवर आला. म्हणाला, "आत्याबाईंचा कोळसा काय दुपारी झोपणार आहे? आणि मग दांडी धरधरून संडासला जाणार?" त्या दिवसापासून आमचे गवंडीसुद्धा पोती उतरवताना कोळशाला 'आजोबा' म्हणतात. रागावू नका. मलाही हसू आलं. इतकी चांगली खोली कोळशाला कोण देतं, आत्या?

मागे वेगळं काही बांधणार नाही. ते जुन्या लोकांचं. भिंतही नाही. ओट्याला पांढरी लादी लावली आहे, बघायला या.

दोरोथेआ

मसाका, ११ मार्च

दोरोथेआ,

तुझ्या नवऱ्याला सांग, कोळशावर विनोद त्याने करावा ज्याने आयुष्यात एकदा तरी शेगडी पेटवली आहे.

पांढरी लादी. मी एकतीस वर्षं मुलींना शिकवलं की स्वयंपाकघराचे शत्रू तीन: धूर, साचलेलं पाणी, आणि ज्याला स्वयंपाक करायचा नाही त्याचं मत. तुझ्या घरात तिन्ही आहेत. भिंत अजून होऊ शकते. छप्पर बसलं की विटा महाग पडतात असं काही नाही. विटा त्याच असतात, महाग पडतं ते चूक झाली म्हणणं.

खोली कोळशाला नको असेल तर शेंगदाण्याच्या पोत्यांना कर. पण कर.

तुझी आई बरी आहे.

आत्या

(हे पत्र टाकलं त्या रविवारी वहिनीने मला चहात मीठ घालून दिलं. समोर बसून विचारलं, गोड कमी नाही ना? मी सगळा प्याले.)

किरा, १७ जून

प्रिय आत्या,

तीन महिने लिहिलं नाही, कारण घर लावत होते आणि तुमच्यावर रुसलेही होते. आज रुसवा बाजूला ठेवून लिहिते.

गेल्या शनिवारी घराला आशीर्वाद झाला. फादर आले, साठ माणसं जेवली. तुमचे गुडघे दुखत होते हे समजू शकते. पण आई? आईने बसच्या कंडक्टरबरोबर एक कोंबडी आणि केळीचा घड पाठवला. चिठ्ठीसुद्धा नाही. लॉरेन्सची मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "सुनेची आई काय, कोंबडी होऊनच आली वाटतं." लोक हसले. मी ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत राहिले. भिंत नसली की रडायला जागा नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आईला लॉरेन्स पसंत नाही. तो परदेशातून आला, पांढऱ्या लाद्या लावतो, म्हणून. सरळ सांगा.

बाकी स्वयंपाकघर उत्तम चाललंय. छताला नुकताच नवा रंग दिला, आधीचा आवडला नव्हता.

दोरोथेआ

मसाका, २५ जून

प्रिय दोरोथेआ,

आधीचा रंग आवडला नाही म्हणून तीन महिन्यांत कोणी छत रंगवत नाही. काजळी धरली. पुढच्या वेळी रंगाआधी कोरड्या केरसुणीने झाडून घे, पाणी मुळीच लावू नकोस, नाहीतर काजळी आत मुरते. मग धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी, मग चुना. केरसुणी ओढायची नाही, हलकेच टेकवत न्यायची. मी तुला नऊ वर्षांची असताना दाखवलं होतं. आणि शेगडी लादीवर ठेवली असशील तर एव्हाना लादी तडकली आहे. पत्र्याच्या तसराळ्यात वाळू भर आणि शेगडी त्यात ठेव.

आता आई. ती लॉरेन्सवर रागावलेली नाही. तुझ्या दारातून आत आलं की बैठक, ओटा, सगळं एकच असं तूच लिहिलंस. मग सांग, तिने कुठे बसायचं? तुझ्या आत्याने भिंतीचा एवढा घोष का लावला होता, असं एकदाही तुझ्या मनात आलं नाही? तुला काहीतरी शिकवलं असा माझा समज होता.

तुझी आई बरी आहे.

आत्या

किरा, २ जुलै

प्रिय आत्या,

लादी तीन ठिकाणी तडकली. कबूल करते. एप्रिलपासून मी मागे फणसाच्या झाडाखाली स्वयंपाक करते. पाऊस आला की एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पळी. आतला ओटा पाहुण्यांना दाखवायला आहे. लॉरेन्सला माहीत आहे, पण आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही. तो घरी आला की विचारतो, आज छान वास येतोय, आणि मी म्हणते, हो का.

पण आईचं कारण मला पटलं नाही. मला रीत कळते. लॉरेन्स तासभर शेजारी जाऊन बसला असता, तसं ठरलंही होतं. आईलाही निरोप होता.

म्हणून काल तुमची सगळी पत्रं काढून बसले. केरसुणी कशी धरावी यावर तुम्ही मला चार ओळी लिहिता. आणि आईबद्दल दर वेळी तेच चार शब्द, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तुम्ही अशा लिहिणाऱ्या नाही. आत्या, कोळशाची खोली कुणासाठी आहे?

दोरोथेआ

मसाका, ९ जुलै

दोरोथेआ,

तुझ्या आईला दिसत नाही. उजव्या डोळ्याने उजेड कळतो, डावा गेला. जानेवारीपासून मला माहीत आहे. तिने जपमाळेवर शपथ घातली होती, ती मी या ओळीत मोडते आहे. गेल्या मंगळवारी तिने वाफेच्या पातेल्यावरचं झाकण समजून पातेल्यातच हात घातला. मनगटापर्यंत भाजली. मी जाईपर्यंत दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

मदर क्लोटिल्ड म्हणायच्या, खोटं बोलणं आणि न बोलणं यांत फरक आहे. सहा महिने मी त्या फरकात राहिले आणि तिचा हात भाजला.

ये.

आत्या

किरा, २८ जुलै

प्रिय आत्या,

गेल्या सोमवारी मी तुम्हाला न भेटताच आईला घेऊन आले, माफ करा. बस सुटत होती आणि आई बसमध्ये चढेपर्यंत भांडत होती. तुमच्याबद्दल काय म्हणाली ते लिहीत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी तीन दिवस, फक्त तीन दिवस, आणि तेही जावई घरी नसेल तर, एवढ्यावर ती तयार झाली. लॉरेन्स कामासाठी जिंजाला गेला होता, गुरुवारी यायचा होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबाथेंबाने टिकवता येईल. औषध दिवसातून तीन वेळा, आयुष्यभर, आणि एकटीने राहायचं नाही.

आता बुधवारचं सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

लॉरेन्स एक दिवस आधीच आला. भर दुपारी. मी आईला मागे हात धुवायला नेलं होतं, त्या वेळात तो पुढून येऊन ओट्यापलीकडच्या स्टुलावर चहा घेत बसला. त्याला वाटलं, आम्ही दवाखान्यात आहोत. मी आईला धरून आत आणलं आणि तो समोर. कप तोंडाशी तसाच थांबला. मी बोटाने गप्प राहायची खूण केली. काय करणार होते? "आई, जावई आहेत" म्हटलं असतं तर ती त्याच घटकेला बसस्थानकावर चालत निघाली असती, भाजलेल्या हाताने. आणि आई तर वाऱ्यासाठी पुढच्या दारातच चटई टाकून बसली, केळी सोलायला. तुमच्या भाषेत सांगायचं तर भिंत नाही, दार नाही, मागच्या दाराला जायचं तरी मोकळ्या बैठकीतून, तिच्या पुढ्यातूनच. फरशीवर पाऊल वाजतं. स्टूल करकरतं.

तो बसून राहिला, आत्या. दीड तास. कप हळूच खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसला, शाळेत बसतात तसा. आई केळी सोलत बोलत होती. आधी माझ्या घराचं कौतुक. "हे स्वयंपाकघर आहे का औषधाचं दुकान? इथे मीठ मागायला येतात का चिठ्ठी घेऊन?" लॉरेन्स लादीकडे बघत होता.

मग ती एकदम हळू बोलायला लागली. म्हणाली, "तुझा नवरा वाईट माणूस नाही. घर बांधणारा माणूस वाईट नसतो, फक्त त्याला सगळं आधीच माहीत असतं." केळ्याची साल पडल्याचा आवाज झाला. "तुला एक सांगते, त्याला सांगू नकोस. मला घरी भीती वाटते. अंधाराची नाही. पडले तर कोणाला ऐकू जाणार नाही, याची. तुझ्या भावांची नावं मोठ्याने घेत बसते, म्हणजे घरात आवाज राहील."

जन्मात तिने असं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. लॉरेन्सने तोंड हाताने झाकून घेतलं.

नंतर तिला पुन्हा हात धुवायचे होते म्हणून मी बाहेर नेलं. परत आलो तेव्हा स्टूल रिकामं होतं. त्याचे बूट दाराशी तसेच राहिले होते. तो मोज्यांवरच रस्त्याला लागला होता. रात्री मावशीकडे राहिला. दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर मला बोलावून घेतलं आणि तुमचं फेब्रुवारीतलं पत्र मागितलं. उभ्या उभ्या पुन्हा वाचलं. या वेळी हसला नाही. म्हणाला, "दांडी किती उंच ठेवायची ते आत्याबाईंनी लिहिलेलं नाही. विचार."

आई आत्ता शेजारच्या मिसेस नाल्वोगा यांच्याकडे आहे. घरी सोडा म्हणून रोज भांडते. दांडी किती उंच?

दोरोथेआ

मसाका, ३ ऑगस्ट

प्रिय दोरोथेआ,

तुझ्या आईच्या कमरेइतकी, दोन बोटं कमी. माप तिच्या अंगावरून घे, चोळी शिवायची आहे असं सांग. बांबूची नको, लोखंडी पाइप घाला आणि टोकं कापडाने गुंडाळा. औषधाच्या बाटलीच्या गळ्याला दोरा बांध, म्हणजे इतर बाटल्यांतून हाताला कळेल. तिखट-मीठ एकसारख्या डब्यांत भरू नकोस. मिठाचा डबा नेहमी डावीकडे, आणि तुझ्या मोलकरणीने तो हलवला तर तिला माझं नाव सांग.

छप्पर वेगळं, चूल वेगळी, येण्याजाण्याचं दार वेगळं. तेवढं झालं की ते जावयाचं छप्पर नव्हे, लेकीचं कोठार. हे तिला मी सांगते. माझं ती ऐकणार नाही, पण भांडायला तरी येईल.

बुधवारचं तिच्याजवळ कधी काढू नकोस. तो तिथे होता हे तिला कळलं तर बांधलेली खोली ओस पडेल.

आत्या

किरा, २० ऑक्टोबर

वन्सं,

हे मिसेस नाल्वोगाकडून लिहून घेते आहे. लेकीकडून नाही, कारण यातलं काही तिला कळायला नको. नाल्वोगाबाई शिक्षिका आहेत आणि माझी शुद्धलेखनाची चूक मध्येच काढतात, ते सहन करते आहे.

शपथ मोडलीत ते मी विसरलेले नाही. वर गेल्यावर माझ्या नवऱ्यासमोर काय ते बोलू.

खोली झाली. सहा आठवडे गवंड्यांनी डोकं खाल्लं. चूल उजवीकडे हवी तर डावीकडे केली, मी पाडायला लावली. झरोके तुमच्या सांगण्याप्रमाणे आहेत, धूर जातो, पण पावसाची झड आत येते, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं वाटतं. तुमची भाची मटोक्याला पाणी कमी घालते आणि वर म्हणते, आत्यांनी असंच शिकवलं. आतल्या घरातही भिंत घातली आहे. पांढऱ्या लाद्या काढून मी माझ्या मोरीत बसवायला लावल्या. निसरड्या आहेत, त्यावर वाळू टाकते.

आता ते बुधवारचं, जे दोरोथेआने तुम्हाला कळवलंच असणार. तुम्ही दोघी मला काय समजता? डोळे गेलेत, कान नाही. माणूस कप जितका जपून ठेवतो तितका तो जास्त ऐकू येतो. आणि दोरोथेआ लपवाछपवी करायला लागली की तिचा आवाज वर चढतो, चार वर्षांची होती तेव्हापासून. मी चटईवर बसले तेव्हाच कळलं की तो खोलीत आहे. उठून निघून जाणार होते.

मग वाटलं, तो बोलत नाही, मी बघत नाही, म्हणजे आम्ही भेटलेलोच नाही. थरथर कशाची लागणार? आणि त्याच्याकडे मी काहीही मागितलेलं नाही, वन्सं, हे नीट लिहून घ्या. मी माझ्या लेकीशी बोलत होते. तिथे अजून कोणी ऐकत असेल तर त्यात माझा काय दोष? शेवटी बिचाऱ्याचे पाय आखडले असतील म्हणून मीच पुन्हा हात धुवायला निघाले. धुतलेलेच होते.

आता तो मागच्या बाजूला यायचा असला की आधी दोनदा खोकतो, म्हणजे मी आत व्हावं. मी अंगणात असले की पातेल्यावर झाकण आपटते, म्हणजे त्याने थांबावं. दिवसभर असं चालतं. दोरोथेआला वाटतं मी रागाने भांडी आपटते.

परवा तो खोकला तेव्हा मी आत गेले, पण तो खोकतच राहिला. छातीतला, ओला. मला फरक कळला. आलं ठेचून, लिंबू पिळून काढा केला, पेला दाराबाहेर दगडावर ठेवला, झाकण आपटलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी दार उघडून दगड चाचपला. पेला परत आला होता, धुतलेला. धड घासलेला नव्हता, तळाशी आलं तसंच होतं. मी पुन्हा घासला.

वेनेरांडा